बेगमी

ड्रमवर बोटाच्या पेराने टिचकी मारली, की आत किती पाणी उरलंय ते आवाजावरून कळतं. काठोकाठ भरलेला ड्रम बसका, जड आवाज देतो. अर्ध्यावर आला की आवाज मोकळा होतो आणि तळ गाठला की घुमायला लागतो. आमच्या सिडकोतल्या गल्लीत हे सगळ्यांनाच समजतं. शाळेत निघालेलं पोरगं अंगणातून जाता जाता टिचकी मारतं आणि आत ओरडून सांगतं, ‘आई, खाली गेलंय!’ मग आतली बाई भांड्यांच्या पाण्याला हात आखडता घेते. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला जातं, कपड्यांचं शेवटचं पाणी न्हाणीत येतं, आणि पिण्याच्या हंड्याला ज्याचा हात ओला-खरकटा आहे त्याने शिवायचं नाही, हा नियम न सांगता पाळला जातो.

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या माणसाला वारांपेक्षा पाण्याचे दिवस जास्त पक्के ठाऊक असतात. लग्नाची बोलणी करतानासुद्धा कुणीतरी हळूच विचारतं, तुमच्याकडे कितव्या दिवशी येतं? मधल्या कोरड्या दिवसांना इथे ‘गॅप’ म्हणतात. गॅप वाढला, गॅप कमी झाला, हे हवापाण्याच्या गप्पांसारखं रोजचं बोलणं. नळ येण्याची वेळ रात्री दोनची असली तर गल्ली रात्री दोनला जागी असते. मोटरींचा आवाज, पायऱ्यांवरून घसरणारे पाइप, आणि ‘तुमचं झालं का हो?’ असं भिंतीपलीकडून विचारणं. सातारा-देवळाईकडे तर कित्येक वर्षं टँकरच्या भोंग्यावर दिवस लागले आणि मावळले.

या पाण्याची वाट लांबची आहे. पैठणला गोदावरी अडवून नाथसागर झाला. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. त्याची साठवण २,९०९ दशलक्ष घनमीटर. पण धरण खाली आणि शहर वर. म्हणून ते पाणी उपसत, ढकलत आणावं लागतं: ढोरकीन, फारोळ्याचं शुद्धीकरण केंद्र, मग नक्षत्रवाडीची टेकडी, आणि तिथून शहर. मधे कुठे वीज गेली, कुठे जुनी वाहिनी फुटली, की पन्नासेक किलोमीटर अलीकडच्या एका स्वयंपाकघरातला हिशेब एक दिवसाने पुढे सरकतो. ७०० आणि १,४०० मिलिमीटरच्या जुन्या वाहिन्यांवर शहराने कित्येक वर्षं काढली. २,५०० मिलिमीटरच्या नव्या वाहिनीचं भूमिपूजन २०२० सालच्या डिसेंबरात झालं. तेवढ्या तोंडाच्या पाइपात माणूस सहज उभा राहतो. पैठण रस्त्याने जाताना रस्त्याकडेला पडलेल्या त्या पाइपांत मी शेळ्यांना सावलीला बसलेलं पाहिलं आहे.

गंमत नव्हे, काळजी वाटावी अशी एक गोष्ट या साठवणीत दडलेली आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडत्या डासापर्यंत त्याला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आरोग्य खात्याची माणसं दारोदार सांगत फिरतात, आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, सगळी भांडी रिकामी करा. सल्ला अगदी बरोबर आहे. पण ज्या घरी पाणीच आठवड्याने येतं, त्या घरच्या बाईला भरलेला ड्रम ओतून द्या म्हणणं म्हणजे काय, हे ती आणि सांगणारी आरोग्यसेविका दोघीही जाणून असतात. सेविकेच्या स्वतःच्या घरीही तेच ड्रम आहेत. मग दोघी मिळून वाट काढतात. ड्रमच्या तोंडाला जुन्या साडीचा घट्ट फडका, वर झाकण. आणि ड्रम ज्या दिवशी आपसूक रिकामा होतो, नळ यायच्या आधीचा तो तास-दोन तास, तेव्हा आतली भिंत काथ्याने खसाखसा घासायची. कारण त्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने मरत नाहीत. नुसतं ओतून भागत नाही; हात आत घालावा लागतो.

हात आत घालावा लागतो, हे मी पहिल्यांदा आजीकडून ऐकलं. तिचं घर वैजापूरकडचं, गोष्ट धान्याची. चैत्र-वैशाखात वर्षाची ज्वारी, गहू, तूर घरात यायची. गहू अंगणात उन्हाला पसरायचे, चाळायचे, निवडायचे, मग तळहाताला एरंडेल लावून ते ओंजळी-ओंजळीने चोळायचे. कोठीच्या तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला, वर गव्हाचा थर, पुन्हा पाला, मधे चार बिब्बे. कडधान्याला राख. एवढं केल्यावर कोठीला झाकण लागलं की मला वाटायचं, झालं, आता वर्षभर चिंता नाही. आजी म्हणायची, ‘बंद कोठीवर इस्वास ठिवू नये.’ आणि ती खरोखरच ठेवत नसे. दर अमावास्येच्या आसपास झाकण उघडायचं, कोपरापर्यंत हात गव्हात खुपसायचा. आत गार लागलं तर बरं. ऊबदार लागलं तर किडीने घर केलं. मूठभर काढून नाकाशी न्यायचं, दाताखाली एक दाणा फोडून त्याचा आवाज ऐकायचा. पावसाळ्यात आठ दिवस सूर्य नसला की तिचा जीव वरखाली व्हायचा, आणि उघडीप पडली रे पडली की कोठीतले वरचे चार पायली दाणे सुपात, सुपातून धडप्यावर.

शिवाय जुनं आधी खायचं. नवी ज्वारी पिवळसर, मऊ, तिची भाकरी नुसती दुधाबरोबर खावी अशी. पण जुनी संपल्याशिवाय नव्याला हात नाही. आम्ही नातवंडं कुरकुरायचो. आज कळतं, की त्या कुरकुरीवर घराचा सगळा भरवसा उभा होता. तिचं साठवलेलं काहीच कधी स्थिर नसे. सगळं पुढे सरकत असे. एका बाजूने खाल्लं जात असे, दुसऱ्या बाजूने भरलं जात असे.

येसराचा डबाही तसाच. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: ज्वारी, बाजरी, गहू, हरभराडाळ असं भाजायचं, धणे, खोबरं, मिरी, लवंगा, मिरच्या भाजायच्या आणि एकत्र दळून ठेवायचं. पाहुणा अवचित आला, भाजी संपली, शेतात पूर आला, घरात कुणी गेलं आणि चुलीपुढे उभं राहायचं त्राण कुणात नसलं, तर फोडणीच्या पाण्यात हे पीठ कालवून उकळी आणायची. आमटी झाली. भाकरी कुस्करायची नि खायची. कुरडया, खारोड्या, सांडगे, शेवया, लोणची हे सगळं त्याच पंगतीतलं. उन्हाळ्यात गच्चीवर पसरलेली ही वाळवणं पाहून कुणाला सणासुदीची आठवण होईल, पण मुळात ही आषाढ-श्रावणात भाजी मिळणार नाही हे ओळखून जून उजाडायच्या आत केलेली तयारी. आणि ती जवळजवळ सगळी बायकांच्या पाठीवर, मानेवर, भर उन्हात. तिचं मोल कुठल्या वहीत मांडलेलं मला दिसलेलं नाही.

गावाकडे पेवं होती. जमिनीत खोल खणलेला, आतून कडबा-भुसा लावलेला खड्डा, तोंड अरुंद, वर दगड आणि माती. चोराला दिसत नाही, आगीला सापडत नाही, उंदराला पोचत नाही. ज्वारी त्यात वर्षानुवर्षं राहायची. पण पेव उघडल्या उघडल्या आत उतरायचं नाही, हे लहानपणापासून बजावलेलं. आत कोंडलेल्या हवेत माणूस क्षणात गुदमरतो; अशी माणसं गेलेलीही आहेत. तोंड मोकळं करून ठेवायचं, मग दिवा दोरीने सोडून पाहायचा, तेवत राहिला तरच उतरायचं. मंगळवेढ्याची ज्वारी प्रसिद्ध, तिथली पेवंही. आणि मंगळवेढ्याचेच दामाजीपंत. दुष्काळात बीदरच्या बादशहाचं कोठार त्यांनी भुकेल्यांसाठी उघडलं, आणि त्याची भरपाई करायला साक्षात विठ्ठल आला, अशी कथा महाराष्ट्राने साडेपाचशे वर्षं जपली. ते कोठार कुणी भरलं होतं, ते मात्र कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

आमच्या शहरापासून पंधरा किलोमीटरवर देवगिरी आहे. किल्ल्याची तयारी पाहताना छाती दडपते. कातळ तासून केलेला खंदक, ‘अंधारी’ म्हणतात ती भुयारी वाट, कोठारं, हत्ती बुडेल असा हत्ती हौद. पण मला तिथे गेल्यावर दरवेळी १२९६ सालच आठवतं. अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला तेव्हा रामदेवरायाचं सैन्य मुलाबरोबर बाहेर होतं. राजा गडावर गेला. गडावर शिधा अपुरा होता. घाईघाईत खाली पडलेली व्यापाऱ्यांची पोती वर नेली, धान्य म्हणून. वेढा पडला, दिवस गेले, आणि पोती सोडली तेव्हा आत मीठ निघालं. फरिश्ता या जुन्या इतिहासकाराने ही हकीकत लिहून ठेवली आहे. इतिहासकार तिच्यात कमीजास्त काढतील. माझ्या मनातून ती जात नाही. पोती होती, राखणदार होते, जगातल्या सगळ्यात अवघड गडांपैकी एक गड होता. चढणीवर घामाघूम होऊन ती पोती वाहणाऱ्या एकालाही पोत्याचं तोंड सैल करून पाहायला सवड मिळाली नसेल. किंवा एखाद्या हमालाला खांद्यावरच्या वजनावरून आणि पाठीला झोंबणाऱ्या खारेपणावरून कळलंही असेल. त्याला कोण विचारणार?

याच मुलखात पुढे तीनशे वर्षांनी मलिक अंबरने वेगळ्या रीतीने पाण्याचा विचार केला. १६१० साली खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद, आजचं आमचं शहर, आणि डोंगराच्या पोटातलं पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात आणलं. ठरावीक अंतरावर हवा जायला आणि माणूस उतरायला उसासे ठेवले. नहर साफ करणारा माणूस तिथून आत शिरायचा. खापरी नळांतून पाणी चढ-उताराच्या बळावर मोहल्ल्यामोहल्ल्यांत पोचायचं. पुढे पाणचक्कीला अशाच वाहत्या पाण्यावर जातं फिरलं आणि यात्रेकरूंना, फकिरांना, शिपायांना पीठ मिळालं. शहर पाणी धरून बसलं नव्हतं. ते वाहतं ठेवून आपण त्याच्या काठाने राहत होतं. मुलांना घेऊन मी पाणचक्कीला जाते तेव्हा खाम नदीकडे बघवत नाही, पण भिंतीवरून कोसळणाऱ्या त्या पाण्यापाशी मात्र पाय रेंगाळतात. माझ्या पिढीने ड्रमात बघून पाणी ओळखलं. ते असं वरून पडतं, त्याचा असा आवाज येतो, हे डोळ्यांना आणि कानांना दाखवून ठेवावंसं वाटतं.

प्रत्येक घर खरं तर मागच्या संकटाची तयारी करत असतं. बहात्तरच्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकऱ्या गिळल्या, त्यांच्या घरात धान्य कधी तळाला जाऊ दिलं जात नाही. तीच जुनी माणसं सांगतात, बहात्तरला अन्न नव्हतं पण विहिरीला पाणी होतं. मग २०१६ चा एप्रिल आला आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या खेपेला दहा डब्यांतून पाच लाख लिटर. कोठ्या भरलेल्या होत्या, पण डाळ शिजवायला पाणी हवं होतं. आता सप्टेंबरात मराठवाड्याच्या नद्या शेतांतली मातीच खरवडून नेतात तेव्हा लोक कोठी कुठे ठेवायची याचा विचार करू लागले आहेत, जमिनीवर की माळ्यावर.

आणि किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. त्या भागातली घरं दगड-मातीची, भिंती हातभर नव्हे, दोन-दोन, तीन-तीन हात जाड, वर माळवद. उन्हाळ्याच्या काहिलीपासून आणि दरोड्यापासून वाचवणारी ही घरं होती. माळवद गळू नये म्हणून दर पावसाळ्यापूर्वी त्यावर मातीचा नवा थर द्यायचा. वर्षाला एक थर, पिढ्यान्‌पिढ्या. घराची काळजी घेणाऱ्या हातांनीच ते वजन डोक्यावर रचत नेलं होतं, आणि ते सगळं काही क्षणांत खाली आलं. हजारो माणसं गेली. त्यात दोष कुणाचा नाही. ऊन दरवर्षी येतं, पाऊस दरवर्षी येतो. असा भूकंप कुणी पाहिलेला नव्हता. तरी वाटतं, छत वाढत असताना एखाद्या म्हाताऱ्या गवंड्याने वर बघून विचारलं असतं का, की अरे, जुना थर खरवडून मग नवा टाका?

टाळेबंदीच्या दिवसांत, २०२० च्या मार्च-एप्रिलात, गल्लीतल्या ज्या घरांत कोठी होती ती घरं शांत होती. मोंढ्यात काय बंद नि काय चालू, याची चौकशी ती करत नव्हती. त्या दिवसांत बेगमीची थोरवी मला पटली. आणि ८ मेच्या सकाळी करमाडजवळची बातमी आली. जालन्याच्या कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर रुळांच्या कडेने घराकडे निघाले होते. थकून रुळांवरच आडवे झाले. पहाटे मालगाडी आली. सोळा जण गेले. रुळांवर त्यांच्या पोळ्या पसरलेल्या सगळ्या देशाने पाहिल्या. निघण्यापूर्वी त्यांनीही तयारी केली होती. कणीक मळली होती, पोळ्या लाटल्या होत्या, फडक्यात बांधल्या होत्या. माणसाला वाटेत जे लागतं ते त्यांनी जमेल तेवढं बरोबर घेतलं होतं. घर तयार ठेवा, असं आपण म्हणतो तेव्हा ज्याचं घर दूर आहे त्याचं काय, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात घट्ट बसला आहे. आपल्या कोठीशी तो प्रश्न जोडून पाहिल्याशिवाय मला आता गहू भरता येत नाहीत. मी चार पायल्या जास्त घेते. त्या कुणासाठी हे घेताना ठरलेलं नसतं.

मुलगा पुण्याहून आला की घराची पाहणी करतो. त्याने एक पिशवी भरून दाराजवळ टांगली आहे. तिच्यात टॉर्च, सेल, कागदपत्रांच्या प्रती, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, मीठ-साखरेची पाकिटं, एक शिट्टी. गच्चीवर सौर पॅनल बसवलं, पावसाचं पाणी बोअरजवळच्या खड्ड्यात सोडलं. मला हे सगळं मनापासून आवडलं. या खडकाळ पठारावर, काळ्या पाषाणाच्या फटींत जे पाणी मुरेल ते मुरवायलाच हवं. पिशवीचं म्हणाल तर दिवाळीआधी आणि पाडव्याआधी ती मी खाली काढते. गोळ्यांची तारीख बघते, सेल बदलते, शिट्टी वाजवून पाहते. शेजारचा नातू त्यासाठी टपून बसलेला असतो.

आमच्या वरच्या खोलीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी राहते, हिंगोलीकडची. या शहरात अशा खोल्या आणि अशी मुलं किती! एक गॅस, दोन पातेली, एक बादली, एक ट्रंक. मेसवाल्या बाईंची सुट्टी म्हणजे उपास. यंदा उन्हाळ्यात येसर दळून आणलं तेव्हा तिच्यासाठी एक डबा वेगळा काढला. फोडणी किती, पाणी किती, गुठळी होऊ नये म्हणून पीठ आधी गार पाण्यात कसं कालवायचं, सगळं सांगितलं. तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं, भूगोलाच्या टिपणांशेजारी. ‘काकू, हे टिकतं किती?’ तिने विचारलं. वर्षभर, मी म्हटलं, पण मृग लागला की एकदा उघड, ऊन दाखव, हात कोरडा ठेव. ती हो म्हणाली. परवा विचारीन म्हणते, उघडला होतास का? की विचारू नये? तिची परीक्षा जवळ आली आहे.